गुडघ्याला आवतण

सासऱ्यांच्या गुडघ्यासाठी मी तेल बनवलं, ते उत्तम झालं, आणि त्यात माझी चूक एवढीच की ते पोळ्याच्या आदल्या दिवशी तयार झालं.

बाकी माझी काही चूक नाही. (हे वाक्य मी तेव्हापासून घरात रोज म्हणते. अजून कुणी मान हलवलेली नाही.)

आधी गुडघ्याची ओळख करून देते. आमचं गाव लोहारा तालुक्यात. मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नवरा विलास शेती बघतो, आणि सासरे, म्हणजे मामा, विलास शेती कशी बघतो ते बघतात. मामा पंच्याहत्तरीचे. त्यांचा उजवा गुडघा तीनेक वर्षांपासून रुसलेला. बसले की उठवत नाही, उठले की बसवत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायाम सांगितला. गोळ्या मामांनी घेतल्या. व्यायामाचं नाव काढलं की म्हणायचे, "म्या काय तुझ्या शाळंतलं पोरगं हाय व्हय? पाय वर, पाय खाली!"

पण यंदा गुडघा चालणं भाग होतं. आमच्या गावात पोळ्याला वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखालून सगळ्यांत आधी मानाची बैलजोडी जाते. हा मान आमच्या भावकीतल्या तीन घरांत फिरतो. यंदा पाळी आमची. नियम दोनच. जोडी एकमेकांशेजारी चालत गेली पाहिजे, आणि मालकानं घरापासून वेशीपर्यंत तिच्याबरोबर स्वतःच्या पायांनी, दुसऱ्या माणसाचा आधार न घेता चाललं पाहिजे. नाही जमलं, तर मान पुढच्या घराला.

पुढचं घर म्हणजे मामांचे चुलतभाऊ तात्या. तात्या श्रावणभर रोज सकाळी ओट्याशी येऊन उभे राहायचे.

"दादा, गुडघा कसा हाय?"

"बरा हाय."

"उठून दावा की मग."

मामा उठायचे नाहीत. तात्या हळहळायचे, चहा प्यायचे आणि जाताना पावलं मोजल्यासारखे सावकाश जायचे. त्यांनी तेरखेड्याहून फटाक्यांची मोठी माळ आणून ठेवल्याची बातमी आमच्यापर्यंत आलीच होती.

एकदा तात्या गेल्यावर मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुन्ना पाळी यायला तीन वर्सं. तवर म्या आसंन का न्हाय, काय म्हाईत. म्या आसलो तर वकील नसंल."

वकील हा आमचा बैल. वासरू असतानाच प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायचा, म्हणून हे नाव. त्याचा जोडीदार भोळ्या. दोघं नऊ वर्षं एकाच गव्हाणीत खातात. घरात ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना काम थोडं, पण मामांची सकाळ त्यांच्यापासूनच सुरू होते. मामांचं ते बोलणं ऐकून मला खरंच फार वाईट वाटलं. मनात म्हटलं, काहीही होवो, पोळ्याला मामांना वेशीपर्यंत चालवायचंच.

आणि मला तशी खात्री वाटायला कारणही होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी मोबाइलवर वनस्पतींच्या सुगंधी तेलांचा कोर्स केला होता! सांधेदुखीला कोणतं, सुजेला कोणतं, आखडलेल्या अंगाला कोणतं, सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. शेवटी परीक्षा झाली. (नापास झालं की लगेच पुन्हा देता येत होती. मी ही सोय तीनदा वापरली.) सर्टिफिकेट फ्रेम करून बैठकीत देवीच्या फोटोशेजारी लावलं. मंगळवारी फोटोला कुंकू लावताना माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, सर्टिफिकेटलाही बोट टेकवलं. मी बघतच राहिले.

"आसू दे," आत्या म्हणाल्या. "लगत हाय."

मग तेल काढायला घेतलं. पाल्यातून वाफ न्यायची, ती वाफ गार करायची आणि वर तरंगणारं तेल टिपून घ्यायचं, एवढंच. मी कुकरची शिट्टी काढली, तिथं नळी बसवली, नळी बर्फाच्या बादलीतून फिरवली आणि खाली बाटली धरली. शाळेच्या कुंपणाजवळची नीलगिरी, ओढ्याकाठची निरगुडी, परसातला गवती चहा, असा दोन पोती पाला चार दिवस शिजवला. तेल निघालं चमचाभर.

आत्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. "दोन पोती पाला, आन् निघालं काय, तर डोळ्यात घालायचं औषध! आगं, निरगुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधला आसता तर काय झालं आसतं?"

"आत्या, ते गावठी झालं. हे शास्त्र आहे."

"आसंल. पण वरणाला वास यायलाय त्येचा."

ते खरं होतं. पुढचे पंधरा दिवस आमच्या वरणाला नीलगिरीचा वास होता. त्यानं विलासचं जुनं पडसं गेलं, पण त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

असलं अर्काचं तेल अंगाला नुसतं कधी लावायचं नसतं, कातडी भाजते. चमचाभर साध्या तेलात चार-पाच थेंब, बस्स. आणि आधी हाताला थेंबभर लावून दिवसभर वाट बघायची. ही चाचणी मी विलासवर घेतली. सात मिश्रणं केली होती, त्यातली चार त्याच्या एका हातावर, तीन दुसऱ्यावर आणि प्रत्येकाशेजारी पेननं नंबर. तो चहाच्या हॉटेलात गेला तर लोक विचारायला लागले, "काय विलासराव, आज कोंचा आकडा येणार हाय?" पाच नंबरानं हात लाल झाला. सहा नंबर मात्र सगळ्यांत छान. त्यात मी मागवलेला पुदिन्याचा अर्क जरा जास्त होता, लावलं की आधी गार, मग ऊन लागायचं. घाण्याच्या करडईच्या तेलात सहा नंबर मिसळून मी पाव लिटरची बाटली भरली, वर कागद चिकटवला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मामा, उजवा गुडघा'.

त्या दिवशी पोळ्याचा आदला दिवस होता.

दुपार कलल्यावर मामा परसदारी बाजेवर बसले होते. मी बाटली त्यांच्या हातात दिली.

"मामा, आता एकदा लावा आणि उद्या सकाळी एकदा. हलक्या हातानं, गोल गोल."

मामांनी बूच काढून वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. "लई गार हाय गं. थेट डोस्क्यात जायलंय."

"विलासला सांगू का लावून द्यायला?"

"नगं, नगं. म्या लावतो की. आज तर लावायचाच दिस हाय."

(या वाक्याशी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. उद्याच्या पुरणाची डाळ निवडायची होती.)

मी स्वयंपाकघरात सूप घेऊन बसले. खिडकी परसाकडं. थोड्या वेळानं बाहेरून मामांचा आवाज यायला लागला, एकदम हळवा.

"हितं दुखायलंय व्हय? आं? जरा खाली हो. आस्सं. लई राबलास रं बाबा. तुज्याकडं कुणी बगितलंच न्हाय."

माझा हात सुपातच थांबला. "आत्या, ऐकलंत का? मामा गुडघ्याशी बोलायलेत!"

आत्यांनी मान वर केली नाही. "बोलू दे. पन्नास वर्सांत माज्याशी येवढं बोलले न्हाईत."

बाहेरून पुन्हा आवाज. "गार लागलं व्हय? हां, आता ऊन लागंल. भिऊ नगं. उद्या तुज्याच जिवावर जायचंय आपल्याला."

माझा ऊर भरून आला. दुखऱ्या भागाशी मायेनं वागावं, हे कोर्सच्या नवव्या धड्यात होतं. त्या धड्यावरच्या प्रश्नात मी दोनदा नापास झाले होते, आणि इथं मामा तो धडा न वाचता जगत होते! मी आत्यांना हे समजावून सांगणार, तेवढ्यात मामा मोठ्यानं म्हणाले,

"चला, झालं. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!"

आता गुडघा कितीही लाडका झाला, तरी त्याला कुणी जेवणाचं आवतण देतं का? मी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी तोंडात पदर कोंबला होता आणि त्या गदागदा हलत होत्या.

"आगं मास्तरीण," त्यांना कसंबसं बोलता आलं, "आज खांदमळणी हाय!"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकतात, हळद-तूप लावून मळतात आणि त्यांच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. शिवाय आमच्या घरचा एक जास्तीचा रिवाज आहे. खांदमळणी होईपर्यंत त्या दिवशी घरातल्या कुणाच्याही अंगाला तेल लागत नाही, डोक्यालासुद्धा नाही. आधी बैलाचा खांदा, मग माणसाचं अंग. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि अकराही वर्षं मी त्या दिवशी डाळ निवडत होते. गोठ्यात काय चालतं ते मी गोठ्यावर सोडलं होतं.

मी सूप टाकून पळाले. गोठ्यात वकील डोळे अर्धे मिटून, खालचा ओठ लोंबकळत सोडून उभा होता. त्याचे खांदे पॉलिश केल्यासारखे चमकत होते. मामांच्या हातात बाटली उलटी होती आणि तिच्यातून काहीही पडत नव्हतं.

"मामा! अहो, हे तुमच्या गुडघ्याचं तेल! वर लिहिलंय!"

"आगं व्हय. पन आज आधी ह्यांचा मान."

"मग थोडं ठेवायचं की! सगळं?"

"खांदा केवढा हाय बग की. मान आखडली हुती त्याची. बग आता कसा उभा हाय."

"आणि भोळ्या?"

"त्याला न्हाय पुरलं. त्याला हळद-तूप लावलं."

"आणि तुमचा गुडघा?"

मामांनी तेलकट तळवे उजव्या गुडघ्यावर दोनदा पुसले. "हे बग, लागलं. तू काळजी नगं करू. म्या बगतो उद्याचं."

मी बाटलीवरचा कागद वाचत उभी राहिले. अक्षर खरंच चांगलं आलं होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी विलास ओरडतच आत आला. "अगं, जोडी फुटली!"

झालं होतं असं, की वकिलाच्या अंगाला रात्रभर मुरलेला नीलगिरी-पुदिन्याचा वास गोठाभर पसरला होता. माश्या गायब. शेळीनं तोंड फिरवलेलं. आणि भोळ्या, नऊ वर्षांचा जोडीदार, वकिलाला ओळखायलाच तयार नव्हता! वकील जवळ सरकला की तो फुरफुरायचा, मागं रेटायचा, दाव्याला हिसडे मारायचा. गव्हाणीला तोंडसुद्धा लावलं नव्हतं त्यानं. वकिलाला कळेना आपलं काय चुकलं. तो मान पुढं करून बिचारा नुसता उभा.

"ओढ्यावर नेऊन धुऊ," विलास म्हणाला.

धुतलं. पुदिना ओला झाला की आणखी गार लागतो, हे माझ्या वहीत होतं, पण मला कुणी विचारलं नाही. वकिलाच्या अंगावर सुखाचा काटा आला आणि वास दुप्पट झाला. मग शिकेकाई लावली. आता वकिलाला नीलगिरी, पुदिना आणि शिकेकाई असे तीन वास येत होते, आणि भोळ्या ओढ्याच्या दुसऱ्या काठावर होता.

"शेण फासू का जरा?" आत्यांनी विचारलं.

"सणाच्या दिवशी? बाशिंग बांधायच्या बैलाला?" मामा चिडले.

विलासनं कपाटातून कोरोनातला मास्क शोधून आणला आणि भोळ्याच्या नाकावर बांधला. भोळ्यानं तो खाल्ला. दोऱ्यासकट!

तेवढ्यात तात्या आले. त्यांनी लांबूनच दोन बैलांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि वास घेत विचारलं, "दादा, कुणाला पडसं झालंय का?"



"न्हाय, म्या काय म्हणतो," तात्या घसा साफ करत म्हणाले, "जोडी न्हाय तर मान न्हाय. आपला रिवाजच हाय. माजी जोडी धुऊन तयार हाय. तुमी उगं बेजार हू नगा."

 मामांनी हातातला गोंडा खाली ठेवला आणि ते बाजेवर बसले. बसताना गुडघा कळवळला, तेही त्यांनी लपवलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुडघा बरा करायला निघाले होते, आणि गुडघा तसाच ठेवून मी जोडी मोडली होती!

आणि मग मला सुचलं. वकिलाचा वास जात नसेल, तर भोळ्याला तोच वास दिला तर? फ्रिजमध्ये अर्काच्या छोट्या बाटल्यांत थोडं थोडं उरलं होतं. मी धावत जाऊन ते सगळं मोजून करडईच्या तेलात मिसळलं, सहा नंबर, थेंबाला थेंब.

"आता हे कोण लावणार?" विलासनं विचारलं आणि दोन पावलं मागं सरकला. ट्रॅक्टरवाल्या माणसाला भोळ्या तसाही जवळ येऊ देत नसे.

पदर खोचून मीच पुढं झाले. अकरा वर्षांत मी बैलाला हात लावला नव्हता. मामा बाजेवरून सांगत होते, "तळवा टेकव. जोर लाव. आगं, कणीक न्हाय ती, खांदा हाय! त्याच्याशी बोल जरा."

"काय बोलू?"

"इचार की, दुखायलंय का म्हणून."

सगळ्यांसमोर मी बैलाला विचारलं, "हितं दुखायलंय व्हय?" विलासनं मोबाइल काढला. मी बघितल्यावर ठेवला.

अर्धा तास मी भोळ्याचे खांदे मळले. कोपरापर्यंत तेल, केसांत तेल, माझाच उजवा खांदा भरून आला. मग भोळ्यानं मान वळवून स्वतःचा वास घेतला. दचकला. पुन्हा घेतला. नंतर हळूच वकिलाकडं गेला, त्याला हुंगलं, पुन्हा स्वतःला हुंगलं, आणि वकिलाच्या खांद्यावर मान टेकवली. आत्यांनी दोघांवरून कडाकडा बोटं मोडली.

संध्याकाळी बैल सजले. शिंगांना हिंगूळ, कपाळावर बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांच्या माळा. हलगी वाजायला लागली. वकिलाचा कासरा मामांनी घेतला, भोळ्याचा घ्यायला विलास पुढं झाला. भोळ्यानं त्याला ढुशी दिली. दुसऱ्यांदा आला, दुसऱ्यांदा दिली. आता भोळ्याला फक्त सहा नंबरची माणसं चालत होती. एक मामा आणि एक मी!

"मग मी धरते," म्हटलं.

"बाईमाणूस पोळ्यात?" तात्या ओरडले. आमच्याकडं बायका दारात औक्षणाचं ताट घेऊन उभ्या राहतात, मिरवणुकीत बैल घेऊन जात नाहीत.

"जोडीला चालतंय," मामा शांतपणे म्हणाले. "तुमाला पटत नसंल तर जोडीला इचारा."

तात्यांनी भोळ्याकडं बघितलं. विचारलं नाही.

निघालो. वकिलाच्या डाव्या अंगाला मामा, भोळ्याच्या उजव्या अंगाला मी, नव्या साडीवर तेलाचे डाग आणि हातात कासरा. आमचा वास आमच्या पुढं चालला होता. वाटेत रांगेला उभे असलेले बैलसुद्धा आपण होऊन बाजूला होत होते. दारात उभ्या बायका ताट खाली ठेवून नाक पुसत होत्या. "बाई! बाई आल्या बैल घेऊन!" माझ्या चौथीच्या वर्गानं भिंतीवरून हाक दिली. मी वर्गात करते तसा कडक चेहरा केला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

पिठाच्या गिरणीपर्यंत मामा ताठ चालले. गिरणीसमोर त्यांचा गुडघा थांबला. वेस समोर दिसत होती, तोरण हलत होतं, आणि मामांचा पाय पुढं पडेना. कपाळावर घाम आला. माझे हात कासऱ्यात अडकलेले, आणि जाऊन धरावं तर मान गेला. हलगीवाला वाजवायचा थांबला. मागं तात्यांनी पिशवीतली माळ चाचपल्याचा आवाज मला इकडं ऐकू आला.

मामांनी हात वर करून वकिलाच्या खांद्यावर ठेवला. सगळा भार टाकला. आखडलेल्या मानेचा म्हातारा बैल, पण जागचा हलला नाही. तसाच भार घेऊन उभा राहिला.

"दुखायलंय का रं?" मामांनी विचारलं.

हा प्रश्न बैलाला होता की गुडघ्याला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण मामांनी पाव लिटर तेल त्या खांद्यावर का ओतलं, ते तेव्हा कळलं. घरापासून वेशीपर्यंत आपण कशाच्या आधारानं जाणार, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. डोळे भरून आले माझे. (सगळ्या गावाचेच पुदिन्यानं भरले होते, त्यामुळं खपून गेलं.)

वकील एक पाऊल चालला. मामा एक पाऊल चालले. भोळ्या आणि मी दोघांच्या चालीनं.

"दादा, आधार घेतलाव की!" मागून तात्या.

"माणसाचा न्हाय घेतला," मामा मागं न बघता म्हणाले.

आणि आम्ही तोरणाखालून गेलो! आंब्याची पानं वकिलाच्या शिंगांना लागली, मामांच्या पटक्याला लागली, माझ्या तेलकट केसांत अडकली. बैल पुढं मारुतीच्या देवळापाशी पोचल्यावर मागं वेशीत धडाधड फटाके वाजले. वळून पाहते तर माळ तात्यांनीच लावलेली.

"आणलीच हाय तर," तात्या म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी, करीला, माझा उजवा खांदा उचलेना. भोळ्याला मळून मळून असा भरून आला होता की वेणीसुद्धा घालता येईना. फ्रिजमध्ये सहा नंबरचा थेंब नव्हता. भिंतीवर सर्टिफिकेट होतं, पण ते लावता येत नाही.

अंगणात दोन पाहुणे आले. दोघांच्या हातात रिकाम्या बाटल्या.

"बाई, ते खांद्याचं तेल हाय का?"

मला क्षणभर धन्य वाटलं. "आहे की, म्हणजे करून देईन. कुणाचा खांदा दुखतो?"

"आमच्या बैलाचा."

"आणि तुमच्याकडं कुणाचा?" मी दुसऱ्याला विचारलं.

"माज्या बैलाचाच. माणसाला चालतंय व्हय ते?"

ते गेल्यावर आत्या वाटी घेऊन आल्या. वाटीत हळद-तूप होतं.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"परवाचं. भोळ्याचं उरलंय."

"बैलाचं?"

"मग? तुजं तेल बैलाला चाललं, बैलाचं तुला न्हाय व्हय चालणार? बस खाली."

बसले. काय करणार! आत्यांनी ऊन पाण्याचं फडकं टेकवलं आणि मळायला घेतलं. खोटं कशाला सांगू, सहा नंबरपेक्षा बरं वाटत होतं.

"हितं दुखायलंय व्हय?" आत्या म्हणाल्या. "जरा खाली हो."

मी मुकाट्यानं खांदा खाली केला. बाहेर बाजेवरून मामांनी विचारलं, "झालं का गं मळून? मग कोरडंच नका सोडू तिला!"

तेव्हा आत्या माझ्या कानाशी वाकल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मी मान डोलावली. विलासचं म्हणणं आहे की वकिलानं परवा अगदी अशीच डोलावली होती.